मेकॅनिकनं पेट्रोल कमी केलं, तरी ॲव्हरेज का वाढत नाही?

तुमचं म्हणणं असं की २०१३ ची कार्बोरेटरवाली (कार्बोरेटर म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणारा भाग) १२५ सीसी बाईक आहे, मेकॅनिकनं स्क्रू फिरवून "पेट्रोल कमी करून दिलं", तेव्हापासून खंबाटकीला गाडी दम टाकते आणि ॲव्हरेज मात्र होतं तिथेच. होणारच हो असं. मी काही वर्षं इंजिन टेस्टिंगमध्ये होतो, तिथे हेच रोज बघायचो, फक्त समोर मीटर लावलेले असायचे एवढाच फरक.

आधी आकडे. १ किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. लिटरात सांगायचं तर टाकीतल्या एका लिटरला जवळपास ९ हजार लिटर हवा, म्हणजे गाडी खरं तर हवाच खाते, पेट्रोल आपलं चवीपुरतं. आता गंमत अशी की सगळ्यात जास्त पॉवर १४.७ ला मिळतच नाही, ती मिळते १२.५ ते १३ च्या आसपास, म्हणजे थोड्या रिच मिक्सचरला (पेट्रोल जास्त, हवा कमी), कारण सिलिंडरमध्ये हवा ठरावीकच मावते आणि तिच्यातला ऑक्सिजन शेवटपर्यंत वापरायचा तर पेट्रोल थोडं जास्तच असावं लागतं, शिवाय तिथे ज्योत पण सगळ्यात जोरात पसरते. ॲव्हरेजचं उलटं, ते १५.५ ते १६ ला चांगलं येतं, कारण तिथे हवा जास्त असते आणि पेट्रोलचा थेंब न थेंब जळतो. दोन्ही एकाच सेटिंगला मिळत नाही, कंपनी काय करते तर आयडलिंगला थोडं रिच, रोजच्या स्पीडला लीनकडे (पेट्रोल कमी, हवा जास्त) आणि फुल थ्रॉटलला परत रिच असं ठेवते.

टेस्ट बेंचवर थ्रॉटल आणि आरपीएम एका जागी धरून मिक्सचर हळूहळू लीन करत नेलं की १३ पासून १४.७ पर्यंत टॉर्क (इंजिनची ओढ) तीन-चार टक्केच पडतो, कानाला तर कळतही नाही. १६ पर्यंत पेट्रोलचा खर्च कमी होत जातो. पण त्याच्या पुढे गेलात की साध्या इंजिनात ज्योत रेंगाळायला लागते, पिस्टन खाली निघून गेल्यावर प्रेशर येतं, ते काय कामाचं. आणखी पुढे एखाद्या फेरीला मिक्सचर पेटतच नाही, आवाजात मधेच एक ठोका गळतो, आणि ते न पेटलेलं पेट्रोल सरळ सायलेन्सरमधून बाहेर. म्हणजे पॉवरही गेली आणि पेट्रोलही गेलं.

तुमच्या गाडीत अजून एक भानगड आहे. मेकॅनिकनं जो स्क्रू फिरवला तो पायलट जेटचा (कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं छोटं छिद्र), त्याचा जोर आयडलिंग ते साधारण पाव थ्रॉटलपर्यंतच. पाव ते पाऊण थ्रॉटल निडल (थ्रॉटल पिळला की वर उठणारी सुई) सांभाळते आणि त्याच्या वर मेन जेट, म्हणजे मोठं छिद्र. आता खालचं मिक्सचर सुकवल्यावर, म्हणजे लीन केल्यावर, गाडी ओढत नाही म्हणून तुमचा हात आपोआप जास्त पिळतो, की लगेच निडल पेट्रोल सोडायला तयारच, वर चढाला तुम्ही एक गिअर खाली टाकता, आरपीएम वाढतात, जे वाचलं ते तिथे गेलं. (आयडलिंगला पेट्रोल नक्की वाचतं, सिग्नलला उभं राहून ॲव्हरेज काढायचं असेल तर सेटिंग उत्तम आहे.)

आणि हे लक्षात घ्या की पंपावर आता ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉलला किलोमागे ९ किलोच हवा लागते, त्यामुळे ई२० ला हिशोबानं १३.५ च्या आसपास लागते. पण २०१३ च्या कार्बोरेटरला हे कोण सांगणार, तो जुन्या पेट्रोलच्या हिशोबानंच सोडतो, म्हणजे तुमची गाडी काही न करताच ७-८ टक्के लीन झालेली आहे आणि त्यावर मेकॅनिकनं अजून सुकवली. शिवाय इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा एक तृतीयांश कमी, म्हणजे ई२० मध्ये ६-७ टक्के कमी, ते ॲव्हरेज कुठल्याच स्क्रूनं परत येणार नाही.

लीन गाडी घाटात पिळणं मला तर अजिबात पसंत नाही. रिचमधलं जास्तीचं पेट्रोल वाफ होताना सिलिंडर थोडा गार ठेवतं, ते काढून घेतलं की एअरकूल्ड इंजिन लोडवर तापतं, नॉकिंग होतं (मिक्सचर आपोआप भडकून ठकठक आवाज येतो).

करायचं काय तर गाडी चांगली गरम करा, आयडलिंग थोडं वाढवा, स्क्रू अर्धा-अर्धा फेरा फिरवत जिथे आरपीएम सगळ्यात वर जातात आणि आवाज मोकळा होतो तिथे सोडा, मग आयडलिंग परत खाली आणा. स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा, आत घेतला की रिच, इंजिनच्या बाजूला असेल तर पेट्रोलचा, आत घेतला की लीन. शेवटपर्यंत आत घेताना पिळून घट्ट करू नका, टोक खराब होतं. मग एका स्पीडला काही किलोमीटर चालवून, क्लच दाबून लगेच इंजिन बंद करा आणि गार झाल्यावर प्लग काढून बघा. फिकट तपकिरी असेल तर ठीक, कोरडी काळी काजळी म्हणजे रिच, पांढराफटक म्हणजे लीन. पांढरा असेल आणि निडलला क्लिपच्या खाचा असतील तर क्लिप एक खाच खाली घ्या, म्हणजे निडल वर येते आणि मधल्या थ्रॉटलला पेट्रोल वाढतं. हो, पेट्रोल वाढवायचंच सांगतोय.

एअर फिल्टर, टायरची हवा, ब्रेक धरतोय का, चेन, चोक पूर्ण बंद होतोय का, हे पण बघून घ्या, ॲव्हरेज बहुतेक वेळा इथेच गळत असतं. आणि ॲव्हरेज मोजाल तर टाकी फुल ते टाकी फुल मोजा, रिझर्व्हचा अंदाज धरू नका.