डोंगराकडून समुद्राकडे : ओमानच्या बातिना किनाऱ्याविषयी वाचकांचे प्रश्न

ओमानच्या राजधानीपासून, म्हणजे मस्कतपासून, वायव्येकडे संयुक्त अरब अमिरातीच्या सीमेपर्यंत जो सपाट किनारा पसरला आहे, त्याला बातिना म्हणतात. मागील अंकातील प्रवासलेखात या प्रदेशाचा उल्लेख अवघ्या दोन परिच्छेदांत आटोपला होता आणि त्यावर नागपूरच्या वाचकांकडून अपेक्षेपेक्षा बरीच अधिक पत्रे आली. त्यांपैकी निवडक प्रश्नांची उत्तरे येथे देत आहे.

आम्ही दोघे सेवानिवृत्त असून आमच्याकडे पाच दिवस आहेत. सहल कंपन्या मस्कतमध्ये मुक्काम ठेवून रोज गाडीने किल्ले दाखवून आणतात. तसे करावे का? गुडघे फारशी साथ देत नाहीत. — धरमपेठेतील एक दाम्पत्य

माझे मत विचाराल, तर तसे करू नये. बातिनाचे सौंदर्य सकाळी आठच्या आत आणि सायंकाळी पाचनंतर दिसते आणि मस्कतहून निघणारी गाडी नेमकी भर उन्हात किल्ल्याच्या दारात पोहोचते. पहिली रात्र मस्कतमध्ये काढावी, त्यानंतरच्या दोन रात्री नखल किंवा रुस्ताक या डोंगरपायथ्याच्या गावांच्या परिसरात राहावे आणि मग समुद्राकडे उतरावे. मस्कतच्या विमानतळावरून नखलला मोटारीने तास-सव्वा तासात पोहोचता येते. तेथून पुढे पायथ्यालगतच रुस्ताक लागते आणि रुस्ताकच्या उत्तरेला, समुद्राच्या बाजूला, अल हज्म आहे. हे तीन किल्ले आरामात पाहायचे, तर दोन दिवस पुरतात.

गुडघ्यांविषयी स्पष्टच सांगतो. नखलचा किल्ला एका नैसर्गिक खडकाला कवेत घेऊन बांधलेला आहे. त्याच्या भिंती खडकाच्या उंचसखलपणाप्रमाणे वर-खाली होतात आणि आतील पायऱ्याही त्याच हिशोबाने कोठे बुटक्या, तर कोठे मांडीइतक्या उंच आहेत. पहिल्या चौकापर्यंत जाऊन बसावे, वरच्या बुरुजाचा आग्रह सोडून द्यावा. त्याची भरपाई गावाच्या पुढे असलेल्या ऐन अथ-थवारा या गरम पाण्याच्या झऱ्यावर होते. तेथे खजुरांच्या सावलीतून वाहणाऱ्या कोमट पाण्यात पाय सोडून बसता येते आणि स्थानिक कुटुंबेही सुटीच्या दिवशी सतरंज्या टाकून तेच करतात. तेथील साप्ताहिक सुटी शुक्रवार-शनिवारची असते, त्यामुळे शांतता हवी असल्यास हे दोन दिवस टाळावेत. शिवाय शुक्रवारी किल्ल्यांच्या वेळाही आखडतात आणि एखादा किल्ला दुरुस्तीसाठी दीर्घकाळ बंद असतो. तेव्हा निघण्याच्या आदल्या दिवशी हॉटेलातून दूरध्वनी करवून खात्री करून घ्यावी.

ओमानचे किल्ले पोर्तुगीजांनी बांधले असे ऐकले आहे. तसे असेल, तर वसई आणि चौल पाहिलेल्या माणसाने ते पाहण्यासाठी इतक्या दूर का जावे? — महाल भागातील एक इतिहासप्रेमी वाचक

प्रश्न रास्त आहे, पण त्यामागची माहिती निम्मीच खरी आहे. मस्कतच्या बंदरावरील जलाली आणि मिरानी हे जोडकिल्ले आजच्या रूपात पोर्तुगीजांच्या काळातले, सोळाव्या शतकाच्या अखेरचे आहेत. पोर्तुगीज सेनानी अल्बुकर्कच्या आरमाराने 1507 मध्ये मस्कत आणि बातिनावरील सोहार ही दोन्ही बंदरे घेतली होती. मात्र पोर्तुगीजांची सत्ता बंदरांपुरतीच राहिली. 1624 मध्ये रुस्ताक येथे नासिर बिन मुर्शिद यांची इमाम म्हणून, म्हणजे धर्मप्रमुख आणि शासक म्हणून, निवड झाली, त्यांच्यापासून यारुबा घराण्याचा अंमल सुरू झाला, 1643 मध्ये सोहार परत मिळाले आणि 1650 मध्ये त्यांचे उत्तराधिकारी सुलतान बिन सैफ यांनी मस्कतही मोकळे केले. आपल्याकडे वसई पडायला 1739 उजाडावे लागले, हे लक्षात घेतले म्हणजे अरबी समुद्राच्या दोन किनाऱ्यांवर एकाच शत्रूशी चाललेल्या झुंजीचा क्रम डोळ्यांपुढे येतो.

तेव्हा नखल, रुस्ताक आणि अल हज्म हे किल्ले पोर्तुगीजांचे नाहीत. त्यांपैकी अल हज्म अठराव्या शतकाच्या आरंभी इमाम सुलतान बिन सैफ दुसरे यांनी बांधला आणि त्यांची कबरही त्याच किल्ल्यात आहे. मात्र हे किल्ले वेगळे का, याचे उत्तर सनावळीत नाही. आपला गाविलगड घ्या. सातपुड्याच्या माथ्यावर तो उभा आहे, कारण त्याला घाटवाट राखायची होती. सीताबर्डीच्या टेकडीवरून शहर राखता येते. बातिनाच्या किल्ल्यांसमोर उभे राहिल्यावर मात्र पहिल्यांदा मला हेच कळेना की इतकी जाड भिंत या खजुरीच्या बागेत कशासाठी. समोर घाट नाही, मागे शहर नाही. उत्तर पायाखालून वाहत होते.

त्या उत्तराचे नाव फलज. बातिनाच्या पाठीशी असलेल्या हजर पर्वताच्या पायथ्याशी भूगर्भातील पाणी शोधायचे, तेथून अगदी हलक्या उताराने बोगदा काढायचा आणि कोणत्याही यंत्राशिवाय ते पाणी मैलोन्‌मैल वाहत गावात आणायचे, अशी ही योजना आहे. विदर्भाच्या वाचकांना हे फार परके वाटू नये, कारण बऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा याच तत्त्वावर चालतो. काही फलज झऱ्यातून, तर काही नाल्याच्या वाहत्या पाण्यातूनही काढलेले आहेत. ओमानमध्ये आजही असे सुमारे 3,000 प्रवाह वापरात आहेत. त्यांपैकी 5 प्रवाहांना 2006 मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला असून त्यांतील फलज अल मुयस्सर रुस्ताकच्या परिसरात आहे. पाणी प्रथम पिण्यासाठी, मग मशिदीकडे, मग जनावरांना आणि शेवटी बागांना, असा त्याचा क्रम असतो. बागांची पाणीपाळी पूर्वी दिवसा सावलीच्या लांबीवरून आणि रात्री ताऱ्यांच्या उगवण्या-मावळण्यावरून ठरत असे. भंडारा-गोंदियाच्या मालगुजारी तलावांवर पाण्याच्या वाट्यावरून झालेले तंटे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ही काटेकोर मोजणी का लागली असेल हे सांगावे लागणार नाही.

अल हज्मच्या आत गेल्यावर तळमजल्याच्या अंधाऱ्या भागात हे पाणी प्रत्यक्ष पाहावे. बाहेर डोळे दिपवणारे ऊन असते आणि आत पाऊल टाकताच काही दिसत नाही, आधी आवाज ऐकू येतो. थोड्या वेळाने अंधारात हातभर रुंदीची वाहती रेघ दिसू लागते. वेढा पडला तरी किल्ल्यातील माणसे तहानेने मरू नयेत, म्हणून प्रवाहच किल्ल्याखालून वळवलेला आहे. प्रवेशदारावरच्या छिद्रांतून शत्रूवर खजुराचा उकळता पाक ओतत असत, ही गोष्ट प्रत्येक वाटाड्या रंगवून सांगतो आणि प्रत्येक पर्यटक छिद्राचे छायाचित्र घेतो. ते घ्यावेच, पण खालचे पाणी पाहिल्याशिवाय परत फिरू नये.

मुलगा दुबईत असतो. त्याच्या गाडीने एका दिवसात बातिना पाहून परत येता येईल का? — मनीषनगर येथील वाचक

सोहारपुरते पाहून येता येईल. फुजैराकडून खतमत मलाहा येथे सीमा ओलांडली की बातिनाचा किनारा सुरू होतो आणि मुख्य रस्ता उत्तम आहे. सोहारचा पांढरा किल्ला, मासळीबाजार आणि किनाऱ्यावरचा फेरफटका एवढे झाले की संध्याकाळ होते. सिंदबाद सोहारचा, अशी दंतकथा आहे. त्याहून भरीव गोष्ट अशी की सोहारच्या मागच्या डोंगरांतून निघणारे तांबे प्राचीन काळी सुमेरपर्यंत, म्हणजे आजच्या दक्षिण इराकपर्यंत, जात असे. पायथ्याचे किल्ले मात्र एका दिवसात बसत नाहीत. गाडीच्या विम्यात ओमानचा समावेश आहे याचा लेखी कागद जवळ ठेवावा, अन्यथा सीमेवरच तो विकत घ्यावा लागतो.

आम्ही चार मित्र सह्याद्रीत नियमित भटकंती करतो. वादी बनी औफचा रस्ता स्वतः गाडी चालवत पार करायचा आहे. कितपत कठीण? — प्रतापनगर येथील वाचक

वादी म्हणजे डोंगरातून उतरणारे, बहुतेक काळ कोरडे असणारे नाल्याचे पात्र. वादी बनी औफचा कच्चा रस्ता रुस्ताकच्या बाजूने हजर पर्वत चढून पलीकडे अल हमराकडे उतरतो आणि वाटेत आडवळणाला बिलाद सैत हे पायऱ्या-पायऱ्यांच्या शेतांचे, मातीच्या घरांचे गाव लागते. चारही चाकांना शक्ती मिळणारे वाहनच येथे चालते. रस्ता एका गाडीपुरता, कठडे नाहीत आणि समोरून कोणी आल्यास एकाने उलटे मागे जायचे, हा अलिखित नियम आहे. आपल्या घाटांच्या सवयीचा येथे फारसा उपयोग होत नाही, हे मी स्वानुभवाने सांगतो. एक तर वाहन उजव्या बाजूने चालवायचे असते. दुसरे म्हणजे, ज्या भाड्याच्या कंपनीकडून आम्ही गाडी घेतली होती, तिने दिलेल्या सुट्या चाकात हवाच नव्हती आणि हे आम्हांला निम्म्या चढावर, टायर फाटल्यानंतर समजले. मागून आलेल्या एका वृद्ध ओमानी गृहस्थांनी आपल्या गाडीतला हवेचा पंप काढून दिला, चाक बसेपर्यंत ते उन्हात उभे राहिले आणि पैशांचा विषय काढताच हात हलवून निघून गेले. गाडी ताब्यात घेतानाच सुटे चाक, जॅक आणि पाना स्वतः तपासावा. कच्च्या रस्त्यावर झालेली हानी विम्यात बसते का, हेही लेखी विचारावे.

आकाशात डोंगरावर ढग दिसले, तर पात्रात उतरू नये. या डोंगरांवर झाडी नाही आणि पाणी धरणारी मातीही नाही. पुरातन समुद्राचा तळच वर उचलला जाऊन त्यांचा मोठा भाग बनला आहे, म्हणूनच त्यांचा रंग लोखंड गंजल्यासारखा तपकिरी-काळा दिसतो. वर कोठेतरी पडलेला पाऊस उघड्या खडकावरून थेट पात्रात येतो. खाली ऊन असतानाही लोंढा येऊ शकतो आणि त्यात माणसे दगावली आहेत.

मुलांच्या उन्हाळी सुट्टीत, मे महिन्यात, समुद्र आणि कासवे दाखवायची आहेत. — त्रिमूर्तीनगर येथील वाचक

मे महिना नको. नागपूरच्या नवतप्यात तावून निघालेल्या माणसालाही बातिनाचा उन्हाळा जड जातो, कारण पारा आपल्याइतकाच चढतो आणि त्यात समुद्राचा दमटपणा मिसळल्याने रात्रही निवत नाही. बातिनाच्या किनाऱ्यासमोरचा ‘दैमानियात’ नावाचा बेटांचा समूह 1996 पासून राखीव आहे. तेथे हिरवी आणि चोचीची कासवे अंडी घालतात, त्यामुळे मे ते ऑक्टोबर या काळात बेटांवर उतरण्यास मनाई असते. दिवाळीनंतर परवाना घेऊन होडीने जावे.

किनाऱ्याकडून गोव्याची अपेक्षा ठेवू नये. हा मासेमारांचा आणि बागाईतदारांचा किनारा आहे. विहिरींतून अतोनात उपसा झाल्याने समुद्राचे खारे पाणी जमिनीत शिरले आणि किनाऱ्यालगतच्या कित्येक खजुरीच्या बागा पिवळ्या पडल्या, हेही तेथे दिसते. 2021 च्या ऑक्टोबरमध्ये शाहीन चक्रीवादळ याच किनाऱ्यावर धडकले होते. तरीही अस-सवादी येथे मुलांना अवश्य न्यावे. ओहोटीला समोरच्या बेटापर्यंत उथळ पाण्यातून चालत जाता येते, फक्त भरतीची वेळ आधी विचारून ठेवावी, नाहीतर परतीला होडीवाल्याची मनधरणी करावी लागते. नशीब असेल, तर एखाद्या गावी वाळूवर शाशा दिसेल. खजुराच्या झावळ्यांचे दांडे दोरीने बांधून केलेली ही मासेमारीची होडी आहे. तिच्या तळातून पाणी आत येतच राहते, पण दांड्यांच्या तरंगण्यामुळे ती बुडत नाही. बातिना या नावाचा संबंध पोटाशी आणि डोंगरापलीकडील दाहिरा प्रदेशाच्या नावाचा पाठीशी जोडतात, ही गंमतही मुलांना सांगावी. डोंगर म्हणजे मधला कणा, हे ती नकाशाशिवाय लक्षात ठेवतील.

आम्ही पूर्ण शाकाहारी आहोत. फराळ सोबत नेला तर चालेल का? व्हिसा आणि पैशांविषयीही लिहावे. — लक्ष्मीनगर येथील एक गृहिणी

व्हिसा रॉयल ओमान पोलिसांच्या संकेतस्थळावरून काढता येतो. कोणाला व्हिसातून सूट मिळते हे नियम बदलत राहतात, म्हणून तिकीट काढण्यापूर्वी ते स्वतः वाचावेत. ओमानी रियाल एका रुपयाच्या दोनशे पटींहून महाग असून त्याचे 1,000 बैसे होतात. बैसा हा आपला पैसाच. 1970 पर्यंत ओमानमध्ये भारतीय रिझर्व्ह बँकेने आखातासाठी छापलेले रुपये चालत होते.

मस्कतमध्ये कच्छी भाटिया व्यापाऱ्यांची वस्ती पिढ्यान्‌पिढ्यांची आहे, शिवमंदिर आहे, त्यामुळे तेथे शाकाहारी जेवणाची चिंता नाही. रुस्ताककडे मात्र केरळी माणसांच्या लहान उपाहारगृहांतला पराठा, डाळ आणि चहा यांवर भागवावे लागते. फराळ न्यावा, पण अमिरातीमार्गे जाणार असाल, तर अनारसे घरीच ठेवावेत. त्या देशात खसखस निषिद्ध आहे आणि अनारशावरची खसखस सीमाशुल्क अधिकाऱ्याला समजावून सांगणे सोपे नाही.

येताना बातिनावरील बरका या गावचा हलवा आणावा. साखर, स्टार्च, तूप, केशर, गुलाबपाणी आणि सुकामेवा घालून तो मोठ्या कढईत तासन्‌तास घोटतात. तो आपल्या शिऱ्यासारखा रवाळ नसून चिकट, पारदर्शक आणि फार गोड असतो. दुकानदार आधी चाखायला देतो आणि सोबत वेलचीचा कहवा छोट्या, बिनदांड्याच्या वाटीत ओततो. वाटी रिकामी झाली की तो पुन्हा भरतो, नको म्हटले तरी भरतो. मी पहिल्या खेपेस पाच वाट्या प्यायलो आणि मगच शेजारच्या गिऱ्हाइकाने दाखवले की पुरे झाल्यावर ती वाटी हातात धरून डावी-उजवीकडे हलकेच हलवायची असते.