आजकालच्या लक्झरी गाड्यांमध्ये चालवण्याची मजा आणि सोय, दोन्ही उरलेलं नाही का?

हो, उरलेलं नाही. हे मी जळून लिहीत नाहीये, एवढं आधीच सांगतो. कारण आमचे दाजी हे वाचणार आणि नेमकं तेच म्हणणार.

माझ्याकडे २००२ सालची बीएमडब्ल्यू ५३०आय आहे, ई३९ पिढीतली. सरळ सहा सिलिंडर, तीन लिटर, गिअर हाताने टाकायचे. चार माणसं जमली की दाजी तिला ‘भंगार’ म्हणतात, गेली आठ वर्षं. मागच्या वर्षी त्यांनी नवीकोरी लक्झरी सेडान घेतली. कंपनीचं नाव घेत नाही. सीट पाठ चेपून देते, दारातले दिवे रंग बदलतात. पहिल्या लांबच्या फेरीला मला मुद्दाम शेजारी बसवलं.

घाट सुरू झाला, पाऊस लागला आणि पुढच्या काचेवर वाफ धरली. माझ्या गाडीत याला एक बटण आहे, न बघता बोट जातं. दाजींनी स्क्रीनवर बोट नेलं, गाडी खड्ड्यात आदळली, बोट घसरलं आणि त्यांची सीट गरम व्हायला लागली. ‘अरे, तो मेनू कुठाय बघ ना,’ हे वाक्य त्यांच्या तोंडून ऐकायला मी आठ वर्षं थांबलो होतो.

तेवढ्यात समोर दगड. दाजींनी चुकवायला स्टिअरिंग वळवलं, तर गाडीला वाटलं आपण लेन सोडतोय. तिने स्टिअरिंग उलटं ओढलं. पुढचं चाक त्या दगडावरच गेलं आणि टायरची बाजू फाटली.

डिकी उघडली तर स्टेपनी नाही. एक छोटा कंप्रेसर आणि टायरचं भोक बुजवायच्या चिकाची बाटली. खिळ्याच्या भोकाला ती चालते, पण टायर बाजूने फाटला की पांढरा फेस नुसता बाहेर येतो. मोबाईलच्या उजेडात तो रस्त्यावर ओघळताना आम्ही दोघांनी उभं राहून पाहिला. टोइंगची गाडी चार तासांनी आली. तोवर दाजी एक शब्द बोलले नाहीत. सीट मात्र पाठ चेपत होती.

त्यांच्या गाडीला २१ इंची चाकं आहेत, रबर म्हणजे नुसती पट्टी. माझ्याकडे २२५/५५, १६ इंची टायर, म्हणजे रबर चांगलं जाड. खड्डा आधी रबर खातं, रिम नाही. आणि डिकीत पूर्ण मापाची स्टेपनी.

आता मजेचं. जुन्या हायड्रॉलिक स्टिअरिंगमध्ये पुढच्या चाकांखाली काय चाललंय ते हाताला कळायचं. पण त्याचा पंप इंजिन सतत फिरवायचं, म्हणजे इंधन जायचं. शिवाय गाडीने स्वतः लेन धरायची, स्वतः पार्क व्हायचं, तर स्टिअरिंगला मोटर हवीच. म्हणून इलेक्ट्रिक आलं आणि बहुतेक गाड्यांत हाताला कळणं गेलं. वर वजन. माझ्याच पिढीतली एम५, म्हणजे याच गाडीचं जास्त ताकदवान रूप, साधारण १,८०० किलोंची होती. २०२४ची हायब्रिड एम५ २,४०० किलोंच्या वर आहे. ताकद प्रचंड आहे, कबूल. पण वळणावर वजन लपत नाही.

स्क्रीनबद्दल माझं ऐकू नका. ‘व्ही बिलॅगारे’ या स्वीडिश मासिकाने २०२२ मध्ये ताशी ११० किलोमीटर वेगात साधी चार कामं करून पाहिली. २००५च्या व्होल्वो व्ही७०मध्ये ती १० सेकंदांत झाली, सगळ्यात वाईट नव्या गाडीत ४४.६ सेकंदांत. तेवढ्यात गाडी सव्वा किलोमीटरहून जास्त जाते, नजर स्क्रीनवर. गाड्यांची सुरक्षा तपासून गुण देणाऱ्या युरो एनसीएपी या संस्थेनेही २०२६पासून इंडिकेटर, वायपर, हॉर्न अशा गोष्टींच्या खऱ्या बटणांना गुण द्यायला सुरुवात केली, ते उगाच नाही. आणि हो, कित्येक नव्या गाड्यांना ऑइल बघायची डिपस्टिकसुद्धा नसते. तेही स्क्रीनलाच विचारायचं.

तुम्ही नवी घेणारच असाल तर टेस्ट ड्राइव्हला म्युझिक सिस्टीम ऐकत बसू नका. डिकीचा तळ उचलून बघा, लहान रिमचा पर्याय मागा आणि चालत्या गाडीत काचेवरची वाफ घालवून दाखवा म्हणा.

अपघात झालाच, तर मला दाजींच्या गाडीत असायला आवडेल. एअरबॅग, आपोआप लागणारे ब्रेक, यात माझी गाडी तिच्या जवळपासही नाही. माझ्या गाडीची कूलंटची प्लास्टिकची टाकी तडकते, हा या मॉडेलचा जुना रोग. मीही एकदा वाफा सोडत रस्त्याकडेला उभा होतो. तेव्हा दाजींना फोन केला नव्हता.

दाजींनी नंतर स्टेपनी विकत घेतली. तळाला खाचच नसल्यामुळे ती डिकीत आडवी पडलेली असते. मागच्या महिन्यात सगळे मिळून बाहेर गेलो, तेव्हा त्यांच्या दोन मोठ्या बॅगा भंगारातून आल्या.