शिक्षा रद्द झाली, मग खटला पुन्हा का?

प्रश्न : वकीलताई, नमस्कार. खुनाच्या प्रयत्नाच्या केसमध्ये माझ्या धाकट्या भावाला सत्र न्यायालयाने सात वर्षं दिली होती. उच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली म्हणून आम्ही पेढे वाटले. आता कळलं की केस पहिल्यापासून चालणार. मुख्य साक्षीदारांच्या साक्षी झाल्या तेव्हा भावाचा वकील हजर नव्हता, उलटतपास झालाच नाही, असं निकालात लिहिलंय. एकाच गुन्ह्यासाठी माणसाला दोनदा उभं करता येतं का? त्यातला एक साक्षीदार तर आता हयात नाही. भाऊ अजून आतच आहे.
— एक वाचक, जि. सातारा

उत्तर : दादा, भावाची शिक्षा गेली, पण तो निर्दोष सुटलेला नाही. अपिलात शिक्षा रद्द करताना वरचं कोर्ट आरोपीला सोडू शकतं किंवा खटला नव्याने चालवायला सांगू शकतं. हा अधिकार पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 386 मध्ये होता; आता तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 427 मध्ये आहे. एका गुन्ह्यासाठी दोनदा खटला नाही हे खरंच, पण ते संरक्षण पहिला निकाल कायम असेपर्यंतचं. इथे तो निकालच उरलेला नाही.

तरीही फेरखटला ऊठसूट देता येत नाही, आणि देऊ नयेच. 1963 साली ‘उखा कोल्हे विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या दारू पिऊन गाडी चालवल्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने हे स्पष्ट केलं. कोर्टाला अधिकारच नव्हता, गंभीर बेकायदेशीरपणामुळे खरा खटला झालाच नाही, किंवा हाताबाहेरच्या कारणाने एखाद्या बाजूला महत्त्वाचा पुरावा देता आला नाही, अशाच अपवादात्मक वेळी तो द्यावा. सरकार पक्षाने हलगर्जी केली आणि आता त्याला भोकं बुजवायचीत, एवढ्यासाठी माणसाला पुन्हा पिंजऱ्यात उभं करायचं नाही.

तुमच्या भावासारखंच दिल्लीत घडलं होतं. 1997 च्या बस बॉम्बस्फोटात मोहम्मद हुसेन या पाकिस्तानी नागरिकाला फाशी झाली होती आणि उच्च न्यायालयाने ती कायमही केली. पुढे सर्वोच्च न्यायालयात दिसलं की पन्नासहून अधिक साक्षीदारांच्या साक्षी झाल्या तेव्हा त्याच्या बाजूने वकीलच नव्हता. शिक्षा टिकणार नाही यावर दोन्ही न्यायमूर्तींचं एकमत झालं. सोडायचं की पुन्हा चालवायचं यावर झालं नाही. ऑगस्ट 2012 मध्ये तीन न्यायमूर्तींनी फेरखटल्याचा आदेश दिला. 2013 मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने त्याला निर्दोष सोडलं. ज्या पुराव्यावर फाशी झाली होती, त्याला प्रश्न विचारायला कुणी उभं राहिल्यावर निकाल असा फिरला. म्हणून तुमच्या भावाच्या बाबतीत या आदेशाकडे मी संधी म्हणून बघते.

आता वारलेल्या साक्षीदाराचं. नव्या खटल्यात जुना सरतपास, म्हणजे सरकारी वकिलाने विचारल्यावर साक्षीदाराने दिलेली साक्ष, आपोआप पुरावा होत नाही. साक्षीदार हयात नसेल तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 27 खाली जुनी साक्ष वाचता येते, पण विरुद्ध बाजूला उलटतपासाचा हक्क आणि संधी मिळालेली असली तरच. सरकारी वकील म्हणतील, संधी दिली होती, यांनी घेतली नाही. नेमकं इथे उच्च न्यायालयाचा निकाल तुमच्या कामी येईल. त्याची सर्टिफाइड नक्कल काढा आणि वकील नव्हता असं जिथे म्हटलंय ते परिच्छेद खुणा करून नव्या वकिलाच्या हातात द्या. जुन्या रोजनाम्याच्या नकलाही काढा; कुठल्या तारखेला कोण हजर होतं ते त्यात असतं.

भाऊ आता शिक्षा झालेला कैदी नाही, पुन्हा कच्चा कैदी आहे. निकालाच्या शेवटी जामिनाबद्दल काही लिहिलंय का बघा. नसेल तर सत्र न्यायालयात लगेच अर्ज करा आणि आजवर किती काळ आत काढला ते त्यात ठळक लिहा. पुढे शिक्षा झालीच, तर तो काळ त्यातून वजा होतो.

वकिलाची फी झेपत नसेल तर कोर्टाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. आणि या वेळी साक्षीच्या तारखेला वकील आला नाही, तर भावाने गप्प बसायचं नाही. ‘मला वकील हवा, तोवर साक्ष घेऊ नये’ असा अर्ज जागेवरच लेखी द्यायचा आणि त्याची नोंद रोजनाम्यात झाली का ते विचारायचं.