आधी कोणी जायचं? जर्मनीतल्या लेखी परीक्षेची तयारी

प्रश्न : ताई, मी पणजीत नर्स आहे. न्यूरेंबर्गजवळ घरोघरी जाऊन रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्या एका संस्थेत मला नोकरी मिळाली आहे. गाडी संस्थाच देणार, पण आपलं लायसन्स बदलून जर्मन लायसन्स घ्यायची अट आहे. म्हापसा ते पणजी मी रोज स्वतः गाडी चालवत जाते, त्यामुळे गाडीची भीती नाही. लेखी परीक्षेची मात्र आहे. जर्मन भाषेची बी-वन पातळी झालीय, पण नियमांची भाषा झेपेल का? परीक्षा इंग्रजीतून द्यावी का? आणि इथे असतानाच काय तयारी करू?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : लेखी परीक्षेची भीती वाटते म्हणालात, हे एका परीने चांगलंच. रोज गाडी चालवणारी माणसं ‘लेखी काय, पाठ करून टाकू’ म्हणतात आणि नेमकी तिथेच अडतात. चार बाजूंनी चार गाड्या आल्या तर आधी कोणी जायचं, हा त्या परीक्षेचा गाभा आहे. गोव्यात आपण हे नजरेने आणि हॉर्नने ठरवतो. तिथे ते आधीच ठरलेलं असतं, आणि ते तुम्हाला माहीत आहे का, एवढंच ते तपासतात.

पण आधी मुदतीचं बोलू. जर्मनीत राहायला गेल्यापासून ६ महिने तुम्ही आपल्या भारतीय लायसन्सवर गाडी चालवू शकता. त्यानंतर चालवली तर तो विनापरवाना गाडी चालवण्याचा गुन्हा होतो. लायसन्स बदलून घेण्याचा अर्ज ६ महिन्यांनंतरही करता येतो, पण मधल्या काळात रुग्णांच्या घरी जायचं कसं? म्हणून पत्ता नोंदवलात की लगेच अर्जाच्या मागे लागा. भारतीय लायसन्स असलेल्यांना ड्रायव्हिंग स्कूलच्या सक्तीच्या तासिका नाहीत, मात्र लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा द्याव्याच लागतात. अर्जासोबत डोळ्यांची तपासणी, प्रथमोपचाराचा ९ तासिकांचा अभ्यासक्रम आणि लायसन्सचं प्रमाणित भाषांतर लागतं. तुम्ही नर्स आहात, तेव्हा तुमच्या शिक्षणाला तिथे मान्यता मिळाल्याचं पत्र प्रथमोपचाराच्या जागी चालेल का, हे अर्जाच्या खिडकीवर जरूर विचारा. ड्रायव्हिंग स्कूल मात्र निवडावंच लागतं, कारण प्रत्यक्ष परीक्षा त्यांच्याच गाडीत, त्यांच्या शिक्षकाला शेजारी बसवून होते.

आता भाषा. लेखी परीक्षा जर्मनखेरीज इंग्रजीतूनही देता येते. त्या यादीत पोर्तुगीजसुद्धा आहे, मराठी-हिंदी नाही. तुम्ही इंग्रजीच घ्या, मनात किंतु नको. बी-वनच्या जर्मनवर ‘फक्त’, ‘तरीही’, ‘अपवाद वगळता’ अशा शब्दांशी झटापट करण्यात गुण घालवू नका. प्रत्यक्ष परीक्षा मात्र जर्मनमध्येच होते. परीक्षक मागच्या सीटवरून ‘रेष्ट्स आबबीगन’ म्हणाला की उजवीकडे वळायचं, हे विचार न करता हाताला कळलं पाहिजे. तेवढे शब्द आत्ताच घोकून ठेवा.

परीक्षेत ३० प्रश्न असतात आणि प्रत्येकाला २ ते ५ गुण. चुकलेल्या प्रश्नांचे मिळून १० गुणांपर्यंत चालून जातं. पण ५ गुणांचे २ प्रश्न चुकले तर बेरीज १० असूनही नापास करतात. आधी कोणी जायचं आणि ओव्हरटेक कधी करू नये, यांवरच्या प्रश्नांचं वजन बहुधा एवढं असतं. म्हणून सुरुवात तिथूनच करा.

पाटी नाही, सिग्नल नाही, असा चौक असेल तर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. आपल्याकडच्या नियमांतही हे लिहिलेलं आहे, पण पर्वरीला बाजूच्या वाटेवरून कोणी आला तर तोच थांबतो आणि आपण पुढे जातो, कारण आपला रस्ता रुंद. तिकडे घरांच्या वस्तीत उजवीकडची गल्ली कितीही अरुंद असो, तुम्ही थांबायचं.

हे वाचून डोक्यात बसत नाही. अंगणात रांगोळीने चार रस्त्यांचा चौक काढा आणि काडेपेट्या ठेवा, सगळ्या रस्त्याच्या उजव्या बाजूने, तिथे चालवतात तशा. एक पेटी तुमची, सरळ जाणारी. उजवीकडून एक लाल गाडी, तीही सरळ. समोरून एक निळी, सरळच. तुम्ही लाल गाडीसाठी थांबायचं. लाल गाडीच्या उजवीकडे निळी आहे, म्हणून लाल तिच्यासाठी थांबणार. म्हणजे आधी निळी, मग लाल, मग तुम्ही. आता निळीला तिच्या डावीकडे वळवून बघा. वळणाऱ्याने समोरून सरळ येणाऱ्याला वाट द्यायची, म्हणजे निळी तुमच्यासाठी थांबली, तुम्ही लालसाठी, लाल निळीसाठी. तिघंही अडकले! अशा वेळी एकाने आपला हक्क सोडायचा आणि तसं हाताने खुणावून सांगायचं, हेच बरोबर उत्तर. तिथे आपली गोव्याची नजर कामी येते. अशा दहा-बारा मांडण्या स्वतः रचून सोडवल्यात की परीक्षेतलं चित्र बघून घाबरायला होणार नाही.

पाट्यांमध्ये पिवळा चौकोन, टोकावर उभा केलेला, तो आधी ओळखा. तो दिसला की तुमचा रस्ता मुख्य, आणि उजवीकडच्याचा नियम तिथे लागू नाही. गोल चौकात शिरताना इंडिकेटर द्यायचा नाही, बाहेर पडताना द्यायचा. दिवजा सर्कलला रोज फिरणाऱ्या हाताला ही सवय मुद्दाम लावावी लागते.

आकड्यांच्या प्रश्नांना उत्तर टाइप करावं लागतं, पर्याय नसतात. वेगाला १० ने भागून ३ ने गुणा, म्हणजे ब्रेकवर पाय जाईपर्यंत गाडी किती मीटर जाते ते मिळतं. भागून आलेल्या आकड्याचा वर्ग करा, ते ब्रेक लागल्यानंतरचं अंतर. ५० च्या वेगाला १५ अधिक २५, म्हणजे ४० मीटर. १०० ला ३० अधिक १००, म्हणजे १३०. सायकलवाल्याला ओलांडताना गावात दीड मीटर आणि गावाबाहेर २ मीटर जागा सोडायची. थांब्यावरच्या बसचे चारही इंडिकेटर लुकलुकत असतील तर माणूस चालतो तेवढ्याच वेगाने तिच्या बाजूने जायचं, समोरून येणाऱ्यानेसुद्धा. हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण अशा बसमधून शाळेची मुलं उतरतात.

एका प्रश्नाची एकाहून अधिक उत्तरं बरोबर असू शकतात आणि ती सगळी निवडली तरच गुण मिळतात. म्हणून पहिलं बरोबर दिसलं की पुढे जाऊ नका, उरलेली वाचा. व्हिडिओचे प्रश्नही असतात. व्हिडिओ ५ वेळा बघता येतो, पण एकदा प्रश्न उघडलात की मागे फिरता येत नाही. पार्क केलेल्या गाड्यांमधून चेंडू रस्त्यावर आला, तर त्यामागे धावत येणारं मूल दिसायच्या आधी तुमच्या मनात आलं पाहिजे. असे प्रश्न तुम्हाला सोपे जातील. वॉर्डात तुम्ही रोज हेच करता.

प्रश्नांची अधिकृत यादी १ एप्रिल आणि १ ऑक्टोबरला बदलते, म्हणून कोणाचं जुनं पुस्तक घेऊ नका. सरावाचं अ‍ॅप इंग्रजीत मिळतं, त्यात आजची यादी असते. ड्युटी संपल्यावर अर्धा तास पुरे, पण चुकलेला प्रश्न का चुकला हे कळल्याशिवाय पुढचा घेऊ नका. नापास झालात तर साधारण २ आठवड्यांनी पुन्हा बसता येतं. पास झाल्यापासून प्रत्यक्ष परीक्षेसाठी १२ महिने मिळतात. आणि इथे बसून कोणी ‘जर्मन लायसन्स करून देतो’ म्हणालं तर एक रुपयाही देऊ नका.

प्रश्न : मुलगा जर्मनीत असतो. आम्ही दोघं ३ महिन्यांसाठी त्याच्याकडे जातोय. मला गाडी चालवायची असेल तर ही परीक्षा द्यावी लागेल का?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : नाही, काका. तुम्ही तिथे राहायला नाही, भेटीला जाताय. निघण्याआधी इथल्या परिवहन कार्यालयातून आंतरराष्ट्रीय परवाना काढा. तो एकटा चालत नाही, मूळ लायसन्स सोबत हवंच. मुलाच्या गाडीच्या विम्यात तुमचं नाव घालावं लागेल का, हे त्याला आधीच विचारायला सांगा. आणि पहिले काही दिवस त्याच्या शेजारी बसून रस्ता बघा.