सोर्स कोड दिला, तरी बिल करता येतं

प्रश्न : मुलगी कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. दोन मैत्रिणींसोबत फ्री सॉफ्टवेअरची कंपनी काढून इथल्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या छोट्या कारखान्यांना स्टॉक-बिलिंगची सिस्टीम बसवून द्यायची म्हणते. बँक बिझनेस प्लॅन मागते. जे कुणीही फुकट डाउनलोड करतो, त्याचं उत्पन्न काय दाखवायचं? – एक पालक, सिडको, नाशिक

उत्तर : नमस्कार. शंका रास्त आहे, पण जीपीएल, म्हणजे बरंचसं फ्री सॉफ्टवेअर ज्या परवान्याखाली मिळतं ते लायसन्स, पैसे घ्यायला मनाई करत नाही. ज्याला सॉफ्टवेअर दिलं त्याला सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामचा मूळ मजकूरही द्यायचा आणि पुढे वाटायची मोकळीक ठेवायची, एवढीच अट. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं ईआरपीनेक्स्ट जीपीएलवरच आहे; ते ईआरपी, म्हणजे स्टॉक, बिलिंग, हिशेब एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर. रेड हॅट ही फ्री सॉफ्टवेअरवरच धंदा करणारी अमेरिकी कंपनी तर आयबीएमने 2019 मध्ये 34 अब्ज डॉलरला घेतली. अर्थात बँकेला ते उदाहरण देऊ नका, साहेब हसतील.

अंबडचा मालक पैसे मोजतो ते डोकेदुखी जाण्याचे. प्लेटिंगला, म्हणजे धातूचा मुलामा द्यायला, बाहेर पाचशे नग पाठवले, तीन खेपांत परत आले, त्यात काही रिजेक्ट. माल नेल्या-आणल्याची चलनं कुणाच्या तरी खिशात, हिशेब व्हॉट्सॲपच्या फोटोंत. ते सगळं सिस्टीममध्ये बसवणं, जुना डेटा चढवणं, स्टोअरच्या माणसाला शिकवणं आणि एएमसी, म्हणजे वर्षाच्या देखभालीचा करार, हे उत्पन्न.

आता आकडे मांडू. हे अंदाजाचे आहेत, तिने बाजारात विचारून बदलावेत. एका कारखान्याला बसवायचे 40 हजार, दुसऱ्या वर्षापासून एएमसी 18 हजार. तिघींना दरमहा 15-15 हजार, वर सर्व्हर-पेट्रोलचे 10 हजार, म्हणजे वर्षाचा खर्च 6 लाख 60 हजार. दरवर्षी दहा नवे कारखाने मिळाले तर पहिल्या वर्षी जमा 4 लाख, दुसऱ्या वर्षी 5 लाख 80 हजार, तिसऱ्या वर्षी 7 लाख 60 हजार. पहिल्या दोन वर्षांची तूट 3 लाख 40 हजार. भांडवल मागायचं ते एवढं, शिवाय उधारी अडकली तर थोडं वर. मुलं सहसा लॅपटॉप-फर्निचरची कोटेशनं जोडतात आणि ही तूट लिहीतच नाहीत.

उधारीवरून आठवलं, उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, करून ठेवा, ती मोफत होते. एमएसएमई कायद्यानुसार करारात काहीही लिहिलं तरी अशा उद्योगाचं पेमेंट 45 दिवसांच्या आत व्हायला हवं. कायदा असला तरी वसुलीला चकरा माराव्याच लागतात, तेव्हा निम्मे पैसे ॲडव्हान्स घ्या.

उद्या दुसरं कुणी तोच कोड घेऊन स्वस्तात बसवून देईल, हा धोका प्लॅनमध्ये स्वतःहून लिहावा. त्याला उत्तर म्हणजे फोन आल्यावर तासाभरात शॉपफ्लोअरवर हजर राहणं. लांबच्या कंपनीला ते परवडत नाही.

तिने आत्ताच एका कारखान्यात जाऊन चलनांचं रजिस्टर बघावं. परीक्षेआधी एक जरी पैसे देणारा गिऱ्हाईक मिळाला, तर कंपनी काढू द्या. नाही मिळाला तर वर्षभर ईआरपी बसवणाऱ्या फर्ममध्ये नोकरी करू दे, प्लॅन नंतर लिहिता येईल.