प्रत्येक रिक्वेस्टला ४०७ का? प्रॉक्सी ऑथेंटिकेशनची प्रश्नोत्तरे

प्रश्न : आमचं जावा ॲप अपाचे एचटीटीपीक्लायंट वापरतं. प्रॉक्सीच्या (ज्या मधल्या सर्व्हरमधून रिक्वेस्ट बाहेर जातात त्याच्या) लॉगमध्ये प्रत्येक रिक्वेस्टच्या दोन नोंदी दिसतात, आधी ४०७ ('प्रॉक्सीला ओळख पटवा') आणि मग २०० ('ठीक'). पासवर्ड तर बरोबर आहे.

क्लायंट पहिल्यांदा मुद्दामच पासवर्डशिवाय जातो. प्रॉक्सीनं ४०७ देऊन बेसिक, डायजेस्ट की एनटीएलएम, ओळख पटवण्याची कोणती पद्धत हवी ते सांगितलं, की मग प्रॉक्सी-ऑथोरायझेशन हेडर लावून परत येतो. 'गेट'मध्ये (नुसता डेटा मागवताना) एक फेरी वाया जाते, एवढंच. साध्या एचटीटीपीवर मोठी फाइल 'पोस्ट' करताना मात्र ती दोनदा पाठवावी लागू शकते. आणि डेटा एकदाच वाचता येणाऱ्या स्ट्रीममधून येत असेल, तर दुसऱ्या खेपेला पाठवायला काही उरतच नाही, रिक्वेस्ट फसते.

प्रॉक्सी बेसिक घेत असेल तर हेडर आधीच पाठवा. एचटीटीपीक्लायंटच्या पाचव्या आवृत्तीत बेसिकस्कीमवर 'इनिटप्रीएम्प्टिव्ह' कॉल करून ती प्रॉक्सीच्या होस्ट-पोर्टखाली ऑथकॅशमध्ये ठेवा आणि तो कॅश रिक्वेस्टच्या कॉन्टेक्स्टला (तिच्यासोबत माहिती नेणाऱ्या ऑब्जेक्टला) जोडा. दर वेळी नवा, कोरा कॉन्टेक्स्ट दिलात तर पुन्हा ४०७.

एचटीटीपीएसला ऑथेंटिकेशन फक्त 'कनेक्ट' रिक्वेस्टवर होतं. ती प्रॉक्सीतून सर्व्हरपर्यंत टनेल, म्हणजे थेट वाट, उघडते; म्हणजे ऑथेंटिकेशन दर टनेलमागे एकदाच. तिथे खरी बचत कनेक्शन पूलमध्ये (पुन्हा वापरायच्या उघड्या कनेक्शनच्या साठ्यात) आहे. क्लायंट ऑब्जेक्ट एकच ठेवा आणि रिस्पॉन्स पूर्ण वाचून बंद करा, नाहीतर कनेक्शन पूलमध्ये परतत नाही. एनटीएलएममध्ये तर ओळख कनेक्शनलाच चिकटलेली असते. ते तुटलं की सगळा हँडशेक (ओळख पटवण्याची देवाणघेवाण) पहिल्यापासून.

प्रश्न : जावा ८ अपडेट केल्यापासून एचटीटीपी चालतं, एचटीटीपीएसला 'अनेबल टू टनेल थ्रू प्रॉक्सी' येतं.

८यू१११ (जावा ८ चा १११ वा अपडेट) पासून जेडीकेच्या (जावाच्या मूळ संचाच्या) स्वतःच्या क्लायंटमध्ये टनेलिंगसाठी बेसिक मुळातच बंद आहे. 'जेडीके.एचटीटीपी.ऑथ.टनेलिंग.डिसेबल्डस्कीम्स' ही प्रॉपर्टी जेव्हीएम (जावा प्रोग्राम चालवणारं इंजिन) सुरू करतानाच रिकामी द्या. पण बेसिक म्हणजे नुसतं बेस६४ (कुणीही उलटवू शकेल असं रूपांतर), लपत काहीच नाही. प्रॉक्सी डायजेस्ट देत असेल तर ते घ्या.

प्रश्न : ओकेएचटीटीपीमध्ये (जावाच्याच दुसऱ्या एचटीटीपी लायब्ररीत) प्रॉक्सीऑथेंटिकेटर (४०७ ला उत्तर देणारा कोड) लावल्यापासून डोमेन अकाउंट लॉक होतं.

पासवर्ड बदलला असणार, आणि तुमचा कोड प्रत्येक ४०७ ला तोच जुना पासवर्ड पुन्हा देतोय. ओकेएचटीटीपी थांबतं ते २० फॉलो-अपनंतर (पुन्हा केलेल्या प्रयत्नांनंतर). तोवर अकाउंट गेलेलं असतं. आलेल्या रिस्पॉन्सच्या रिक्वेस्टमध्ये प्रॉक्सी-ऑथोरायझेशन आधीच असेल तर 'नल' (म्हणजे आता पुन्हा प्रयत्न नको) परत करा.

प्रश्न : पायथनच्या रिक्वेस्ट्स लायब्ररीत पासवर्डात '@' आहे, प्रॉक्सी सापडत नाही.

यूआरएलमध्ये '@' ऐवजी '%४०' लिहा, अंक अर्थात इंग्रजी. आणि रिक्वेस्ट्स २.३१.० च्या आधीची असेल तर लगेच अपडेट करा : त्या आवृत्त्यांमध्ये एचटीटीपीएसवर रीडायरेक्ट झाल्यास प्रॉक्सीचा पासवर्ड थेट समोरच्या सर्व्हरकडे जाऊ शकतो.