"आधी शब्द द्या, मग सांगते" म्हणणाऱ्या मुलीला शब्द द्यावा का?

ज्युनिअर कॉलेजात समुपदेशक म्हणून तुम्ही नुकत्याच रुजू झाला आहात. बारावीतली १७ वर्षांची मुलगी म्हणते, कुणाला सांगणार नाही असा शब्द द्या, मगच बोलते. द्यावा का, असं तुम्ही विचारलंय.

देऊ नका. ओठावर आलेलं ती गिळून टाकेल ही तुमची भीती खरी आहे, तरीही नका. तो शब्द पाळणं तुमच्या हातात नाही. पॉक्सो कायद्याच्या (२०१२) कलम १९ नुसार १८ वर्षांखालच्या मुलावर लैंगिक गुन्हा घडल्याचं कळलं, की पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. समुपदेशकाला त्यातून सूट नाही.

खरा पेच पुढेच आहे. समजा, तिचा १९ वर्षांचा मित्र आहे आणि सगळं तिच्या मर्जीने झालंय. कायद्याच्या लेखी तिच्या मर्जीला किंमत नाही. आपण कळवलं की त्या मुलावर गुन्हा, आणि बहुतेक वेळा घरचे हिचं कॉलेजच बंद करतात. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीचं नाव उघड न करण्याची मुभा डॉक्टरांना दिली. समुपदेशकांचा त्यात विचार नाही. माझ्या मते संमतीचे संबंध आणि अत्याचार यांत कायद्याने फरक करायला हवा. पण तो होईपर्यंत त्याची झळ त्या मुलीला नकळत बसू नये, एवढं आपण नक्की करू शकतो.

म्हणून पहिल्याच भेटीत, तिने काही सांगायच्या आधी, मी साधारण असं बोलते: "तू इथे बोलशील ते मी घरी किंवा वर्गशिक्षकांना सांगणार नाही. पण तुझ्या किंवा कुणाच्या जिवाला धोका असेल, किंवा १८ च्या आतल्या कुणाशी लैंगिक संबंध आल्याचं कळलं, तर मला ते कळवावंच लागतं. तशी वेळ आली तर आधी तुला सांगेन."

यावर आक्षेप येतो की अशाने अत्याचार सोसणारी मुलगीही गप्प बसेल. आक्षेप वजनदार आहे, आणि तो न्यायालयातही मांडला गेलाय. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात १९६९ मध्ये एका विद्यार्थ्याने तातियाना तारासॉफ हिला मारण्याचा इरादा मानसशास्त्रज्ञाला सांगितला होता. विद्यापीठाच्या पोलिसांना कळवलं गेलं, पण तिला कुणी सावध केलं नाही आणि तिचा खून झाला. जिला धोका आहे तिच्या संरक्षणासाठी पावलं उचलणं उपचारकाचं कर्तव्य आहे, असं कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये ठरवलं. त्याच निकालात न्यायमूर्ती क्लार्क यांनी विरोधी मत नोंदवलं, की अशाने लोक बोलणंच थांबवतील. मला ते पटतं, पण अर्धंच. आज गप्प राहिलेली मुलगी पुन्हा येऊ शकते. फसवली गेलेली येत नाही, आणि तिच्या मैत्रिणीही येत नाहीत.

कळवायची वेळ आलीच तर १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनची मदत घ्या, जबाबाच्या वेळी तिच्यासोबत राहण्याची तयारी ठेवा, तारखेसह नोंद करा. प्राचार्यांशी आजच बोला. "कॉलेजचं नाव जाईल, दाबून टाका" असं ते म्हणाले तरी तुमची जबाबदारी सुटत नाही, आणि गुन्हा हाताखालच्या कर्मचाऱ्याने केलेला असेल, तर तो न कळवणाऱ्या संस्थाप्रमुखालाच पॉक्सोच्या कलम २१ खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.